व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो का कमी होतो? गीझरचं गणित

तुझा प्रश्न दोनदा वाचला. गीझरवर २००० वॅट लिहिलंय, संध्याकाळी घरात १९५ व्होल्टच येतात, तू २००० भागिले १९५ केलंस तर करंट १०.२६ अँपिअर आला, म्हणजे २३० ला होता त्यापेक्षा जास्तच, आणि ओहमचा नियम (करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स, म्हणजे तारेचा अडथळा) लावला तर म्हणतो करंट कमी व्हायला पाहिजे. मग खोटं कोण? सूत्रं दोन्ही बरोबर आहेत रे, तू २००० वॅट हा आकडा १९५ व्होल्टला पण तसाच धरलास, तिथे गोची झाली.

नेमप्लेटवरचे २००० वॅट हे २३० व्होल्ट मिळाले तरचे. व्होल्टेज हललं की वॅट हलणार. न हलणारी गोष्ट एकच, आतली कॉइल. म्हणून आधी तिचा रेझिस्टन्स काढ: २३० गुणिले २३० भागिले २०००, आले २६.४५ ओहम. आता १९५ ला त्याने भाग, करंट ७.३७ अँपिअर, आणि १९५ गुणिले ७.३७ म्हणजे साधारण १४३७ वॅट. बघ, व्होल्टेज उतरलं १५ टक्के पण वॅट उतरले २८ टक्के, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाने चालतात. २० मिनिटांत तापणारं पाणी २८ मिनिटं घेणार, आणि घरचे म्हणणार गीझर बिघडला.

बरं मग "व्होल्टेज कमी आलं की करंट वाढतो" हे गावातला प्रत्येक वायरमन का सांगतो? कारण त्याने आयुष्यभर मोटारी बघितल्यात. विहिरीवरच्या पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, व्होल्टेज पडलं तरी लोड काय सुटत नाही, मग मोटार जास्त करंट ओढते. ६ चा ८ अँपिअर झाला तर वाइंडिंगमधली उष्णता पावणेदोन पटीच्या वर जाते, करंटचा पण वर्गच असतो ना तिथे, आणि मग वाइंडिंग जळल्याचा तो ओळखीचा वास. म्हणजे त्याचं खरं आहे, फक्त मोटारीपुरतं. मोटारीला व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की थेट वॅट मिळत नाहीत, पॉवर फॅक्टर येतो मधे, तो विषय इथे नको. गीझर, इस्त्री, शेगडी यांना ती भानगड नाही.

आता तुझा दुसरा घोळ, जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब मल्टिमीटरने मोजला तर ४० ओहमच आले, त्या हिशोबाने बल्ब १३०० वॅटचा निघतो. मीटर चांगलाय तुझा, फेकू नकोस. तू थंड बल्ब मोजलास. टंगस्टनची तार पेटून पांढरी झाली की रेझिस्टन्स तेरापट वगैरे होतो, पेटलेल्या बल्बचा ५२९ ओहम. बटण दाबल्या क्षणी तो खरंच पावणेसहा अँपिअरच्या आसपास ओढतो, पण डोळ्याचं पातं लवायच्या आत गरम होऊन जागेवर येतो. जुने बल्ब नेहमी बटण दाबतानाच का उडायचे ते आता कळलं असेल. गीझरच्या कॉइलची तार नायक्रोमची (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू), ती तापली तरी फार बदलत नाही, म्हणून ती थंड मोजलेली चालते. पिन बोर्डातून काढून मग मोज, आणि गीझरमधलं पाणी गार असताना मोज, नाहीतर थर्मोस्टॅटने (पाणी तापलं की आपोआप बंद होणारा आतला स्विच) सर्किट तोडलेलं असेल आणि मीटर काहीच दाखवणार नाही. (एकदा अँपिअरच्या जॅकमधे प्रोब विसरून मी सॉकेटमधे व्होल्टेज बघायला गेलो होतो. फाट्कन आवाज, मीटरचा फ्यूज गेला, हात शाबूत राहिला हे नशीब.)

पण खरा उपयोग कुठे होतो सांगू? आमच्याकडे गीझरचा थ्री पिन टॉप गरम व्हायचा, पिवळा पडला होता. गीझर चालू ठेवून मोजलं, सॉकेटच्या मागच्या स्क्रूवर २२९ व्होल्ट आणि गीझरच्या टर्मिनलवर २२३. मधे दीड मीटर वायर फक्त, ती खाऊन खाऊन किती खाणार, पाव-अर्धा व्होल्ट. करंट २२३ भागिले २६.४५, म्हणजे ८.४३. गायब झालेले ६ व्होल्ट भागिले ८.४३, पाऊण ओहमच्या आतला रेझिस्टन्स, ऐकायला काहीच नाही. आता वॅट काढ: ६ गुणिले ८.४३, पन्नास वॅट! म्हणजे २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्न त्या प्लास्टिकच्या टॉपमधे बसवून ठेवल्यासारखं. सॉकेटच्या पत्त्या ढिल्या झाल्या होत्या, बाकी काही नाही. सॉकेट आणि टॉप दोन्ही नवे टाकले, १६ अँपिअरचे, आता चालू गीझरला अर्धा व्होल्टसुद्धा फरक दिसत नाही.

चालू लाईनवरचं हे मोजमाप तू एकट्याने करू नकोस, कोणीतरी जाणता बरोबर घे. तोवर एवढंच कर, गीझर दहा मिनिटं चालवून बटण बंद कर आणि टॉपला हात लावून बघ. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर इथे लिही.