पहिली दिवाळी आणि पाडवा

प्रश्न : ताई, जूनमध्ये माझा घटस्फोट झाला. मी डोंबिवलीत एकटी राहते, आई-बाबा ठाण्याला. दिवाळीचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. पाडव्याला सगळ्याजणी नवऱ्याला ओवाळणार. मी काय करू? दार लावून बसावंसं वाटतं.

उत्तर : अगं, दार मुळीच लावू नकोस. पाडव्याला लेकीने वडिलांना ओवाळायची रीत आपल्याकडे आहेच. सरळ ठाण्याला जा, बाबांना पाटावर बसव, तबकात सुपारी आणि अंगठी घे आणि ओवाळ. ओवाळणीही हक्काने माग.

मला जास्त काळजी वाटते ती नरकचतुर्दशीच्या पहाटेची. एकटीच्या घरात हाक मारून उठवणारं कुणी नसतं, मग अभ्यंगस्नान राहून जातं आणि दिवसभर उदास वाटतं. म्हणून आदल्या रात्रीच वाटीत तेल काढून ठेव, उटण्याचं पाकीट आणि मोती साबण बाथरूममध्ये ठेव. कारीट मिळालं तर पायाखाली फोड, अगदी अंगठ्याने दाबून! मग नवी साडी नेसून फडके रोड गाठ. गणेश मंदिराशी त्या सकाळी अख्खी डोंबिवली नटूनथटून लोटते. एखाद्या मैत्रिणीला आत्ताच फोन करून वेळ ठरव, आयत्या वेळी अंगात बळ राहत नाही.

फराळ विकत आण. फक्त पातळ पोह्यांचा चिवडा घरी कर, फोडणीचा वास घरात दरवळू दे.

कुणी विचारलंच, ‘एकटीच आलीस?’ तर ‘हो’ म्हण आणि करंजी उचल. जास्त खुलासे करायला तू बांधील नाहीस.