मागचे ब्रेक पॅड आधी का झिजले?

प्रश्न : कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर दिवसभर गाडी चालवली. मुंबईत परतल्यावर पाहिलं तर पुढच्यापेक्षा मागचे पॅड जास्त झिजलेले. मी तर बेतानेच ब्रेक मारत होतो. मग असं कसं?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ब्रेक तुम्ही नाही, गाडीने मारले. वळणात गाडीचं नाक बाहेर जायला लागलं की ईएससी (गाडी घसरू नये म्हणून बसवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) तुम्हाला न विचारता एकेका चाकाचा ब्रेक दाबते, बहुधा आतल्या मागच्या चाकाचा. रस्त्यावर हे क्वचित घडतं, ट्रॅकवर वळणावळणाला. माझ्या कुर्ल्याच्या गॅरेजात अशीच एक गाडी आली होती. मागचा एक पॅड पत्र्याला टेकलेला, डिस्कवर निळसर झाक आणि पुढचे पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक!

पण म्हणून ईएससी बंद करू नका, हात जोडून सांगतो. गाडीत ट्रॅक मोड (यात ईएससी जरा उशिरा मध्ये पडते) असेल तर तो लावा. डॅशबोर्डवरचा ईएससीचा पिवळा दिवा कोणत्या वळणावर लुकलुकतो ते लक्षात ठेवा. तिथे तुम्ही वेगात शिरताय किंवा ॲक्सिलरेटर घाईने दाबताय.

ट्रॅकवर ब्रेक खूप तापतात, म्हणून ब्रेक ऑइलही बदला. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते, आणि आपल्या मुंबईच्या हवेत दमटपणाला काय तोटा? शेवटची फेरी सावकाश मारा, म्हणजे ब्रेक थंड होतील. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.