ट्रंकेतल्या कापडाचा वास: आधी कसला ते ओळखा

सासूबाईंच्या ट्रंकेतून खण, ब्लाउजपीस आणि मांजरपाटाचा तागा निघाला, दोनदा धुऊनही वास जात नाही आणि त्याची बाळासाठी दुपटी शिवायची आहेत, असं तुम्ही लिहिलंय. धुण्याची घाई झाली. एका पिसाची घडी उघडून आतल्या बाजूचा वास घ्या. नाकात झोंबला तर डांबरगोळी. कोंदट, ओलसर आला तर बुरशी. जुन्या ट्रंकेत बहुधा दोन्ही नांदत असतात, पण उपाय वेगवेगळे.

डांबरगोळी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे साबण, सोडा, व्हिनेगर काहीही ओता, फारसा फरक पडत नाही. कपाटातली गोळी झिजत जाते, कारण ती न वितळता थेट वाफ होऊन उडते. तीच वाफ कापडात मुरते. तेव्हा तिला उडूच द्या. घडी पूर्ण मोडून कापड एकेरी, वाऱ्यावर टाका. सुतीला ऊन चालेल, रेशीम आणि खण सावलीत. पॉलिस्टरचे पीस जास्त दिवस दमवतात. वास बराच उतरला की खिडक्या उघड्या ठेवून इस्त्री फिरवा. भसकन वास येईल. येऊ द्या, तो बाहेरच पडतोय.

दुपट्यांचं मात्र स्पष्ट सांगते: या ताग्याची शिवू नका. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीतल्या नॅप्थालीनने फुटतात, कावीळ बळावते, आणि ही कमतरता आधी ठाऊक असतेच असं नाही. बाळाला नवं मलमल आणा. ताग्याच्या पिशव्या होऊ देत.

आता बुरशी. कोरडं कापड गच्चीत नेऊन, तोंडाला रुमाल बांधून झटका, ब्रश मारा. मग डागाजवळ दोन्ही अंगठ्यांत कापड धरून ताणा. टर्रकन फाटलं तर धागा कुजलाय, त्यावर मेहनत नको. टिकलं तर कडांना झिगझॅग मारून घ्या, नाहीतर धुताना दोरे सुटतात. सुती कापड अर्ध्या बादलीत 1 वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवा, नंतर गरम पाण्यात साबणाने धुवा. त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर चुकूनही टाकू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. खळ पूर्ण निघेपर्यंत खळबळा, बुरशीला आणि कसरीला तीच आवडते. जुन्या खणांचा रंग जातो, म्हणून आधी कोपऱ्यावर ओला पांढरा कपडा दाबून बघा. न गेल्यास रिठ्याच्या गार पाण्यात, न पिळता.

सुगंधी द्रवांच्या नादी लागू नका, दोन वास मिळून तिसरा तयार होतो. पिसांत हाताने केलेली कलमकारी असेल तर तिचा दुधाळ-तुरट वास हा दोष नव्हे. रंगवण्याआधी ते कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात बुडवतात.

ट्रंकेच्या तळाचा वर्तमानपत्राचा कागद फेकून द्या, तिला ऑक्टोबरच्या उन्हात उघडी ठेवा. कापड प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, जुन्या धोतरात बांधा. कसरीसाठी कडुनिंबाचा वाळका पाला पुरचुंडीत चालतो. कापूर ठेवायचा असेल तर आधी डांबरगोळीचा शेवटचा कणही झाडून काढा, कारण दोन्ही एकत्र आले की पाझरतात आणि कापडावर तेलकट डाग पडतात.