सर्जरीच्या रेसिडेंटने अ‍ॅनाटॉमी कोणत्या पुस्तकातून करावी? 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' पूर्ण वाचायलाच हवं का?

तुम्ही विचारलंय : धुळ्यात जनरल सर्जरीच्या पहिल्या वर्षाला आहे, एमएसच्या पहिल्या पेपरला आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) अ‍ॅनाटॉमी कशातून करू, सीनियर म्हणतात ग्रेज पूर्ण वाच.

नका वाचू. दीड हजारांहून जास्त पानांचा संदर्भग्रंथ आहे तो. इमर्जन्सी ड्युट्या करून तो संपवलेला रेसिडेंट मला अजून भेटायचाय. (त्याची मूळ चित्रं काढणारे कार्टर 1858 मध्ये, म्हणजे पुस्तक निघालं त्याच साली, मुंबईला आले आणि पुढे ग्रँट मेडिकलमध्ये अ‍ॅनाटॉमी शिकवत होते. तेवढ्या नात्यावर पूर्ण ग्रंथ वाचायची गरज नाही.) 'लास्ट्स अ‍ॅनाटॉमी' घ्या, सिन्नातांबींनी सुधारलेलं. हाडांसाठी एमबीबीएसचं चौरसिया परत बाहेर काढा. त्याला 'पोरांचं पुस्तक' म्हणणारेच क्लॅव्हिकल (कॉलरबोन) हातात दिली की उजवी-डावी चुकवतात.

पण लास्टसुद्धा पहिल्या पानापासून नाही. उद्याची ओटी लिस्ट (ऑपरेशनांची यादी) बघा आणि तिथून मागे वाचा.

हर्नियाच घ्या. केळीचे घड ट्रकमध्ये चढवणारा रावेर-यावलकडचा गडी ओपीडीत येतो, तीच तुमची परीक्षेची केस. डीप रिंग, म्हणजे जांघेतल्या इंग्वायनल कॅनालचं आतलं तोंड, कुठे? इंग्वायनल लिगामेंटच्या मध्यबिंदूच्या 1.25 सेंमी वर. लिगामेंट अँटेरियर सुपीरियर इलियाक स्पाइनपासून (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक) प्युबिक ट्युबरकलपर्यंत (प्युबिक हाडावरचा उंचवटा). बरेच जण सिम्फिसिसपर्यंत, म्हणजे दोन प्युबिक हाडांच्या मधल्या सांध्यापर्यंत, मोजतात. तो मिड-इंग्वायनल पॉइंट, तिथे फेमोरल आर्टरी लागते. परीक्षेत डीप रिंगवर अंगठा दाबून खोकायला लावतात (डीप रिंग ऑक्लुजन टेस्ट): रिंगमधून येणारा इनडायरेक्ट हर्निया अडतो, डायरेक्ट अडत नाही. एवढ्या चुकीने अंगठा आतल्या बाजूला सरकतो, खोकल्यावर इनडायरेक्ट हर्निया अंगठ्याच्या बाहेरच्या बाजूने सुटतो आणि तुम्ही भलतंच निदान ठोकता. चूक होते कारण ट्युबरकल चरबीत आणि स्पर्मॅटिक कॉर्डखाली दडलेलं असतं. मांडी थोडी वाकवून बाजूला करायला सांगा, अ‍ॅडक्टर लाँगसचा ताठ झालेला टेंडन बोटाने वर धरत जा, थेट ट्युबरकलवर पोचाल. आणि हर्निया आधी आत ढकला. न ढकलता अंगठा ठेवणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारतच नाहीत.

मग इलिओइंग्वायनल नर्व्ह. ती कॅनालमध्ये असते, पण डीप रिंगमधून आत येत नाही. इंटर्नल ऑब्लिक स्नायू भेदून येते आणि सुपरफिशियल रिंगमधून, म्हणजे कॅनालच्या बाहेरच्या तोंडातून, बाहेर पडते. टेबलावर ती एक्स्टर्नल ऑब्लिक स्नायूच्या पडद्याच्या, म्हणजे अ‍ॅपोन्युरोसिसच्या लगेच खाली सापडते. म्हणून आधी लहान छेद, दोन्ही कडा आर्टरी फोर्सेप्सने उचला, बंद कात्री खालून सरकवून नर्व्ह खाली पाडा, मगच तंतूंच्या दिशेने कापा. घाईत कापली तर स्क्रोटमचा पुढचा भाग आणि मांडीची आतली वरची बाजू बधिर होते. टाक्यात सापडली तर पेशंट महिनोन्‌महिने दुखतंय म्हणून येतो. पुस्तकात या सगळ्याला पानभरही जागा नाही, पण व्हायव्हाची दहा मिनिटं यातच जातात.

थायरॉइड, पित्ताशयाजवळचा कॅलॉट्स ट्रँगल, पॅरोटिडमधली फेशियल नर्व्ह, छातीतल्या ड्रेनसाठीचा सेफ्टी ट्रँगल, सगळं याच पद्धतीने.

'नेटरचा अ‍ॅटलास बघितला की अ‍ॅनाटॉमी झाली' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे आणि ते मी सोडणार नाही. अ‍ॅटलासमध्ये नर्व्ह पिवळी, आर्टरी लाल. पोटात दोन्ही चरबीत माखलेल्या, एकाच फिक्या रंगाच्या. अ‍ॅटलास मिटा आणि कोऱ्या कागदावर चार रंगांत काढा. आर्टरी नर्व्हच्या पुढून की मागून, इथे हात थांबला तर ते तुम्हाला येत नाही. तेवढंच परत वाचा.

हे जनरल सर्जरीपुरतं; ऑर्थोवाल्यांनी हातपायांसाठी माझं ऐकू नये. दुसरं म्हणजे डीप रिंग ऑक्लुजन टेस्ट प्रत्यक्षात बरीच चुकते, पण परीक्षेत विचारतात म्हणून शिकायची. आणि सीनियरकडून पुस्तकाची जुनी आवृत्ती फुकट मिळाली तर हाडं-स्नायूंना चालेल, थायरॉइडला जपून. सुपीरियर थायरॉइड आर्टरी ग्रंथीला चिकटून बांधा, कारण एक्स्टर्नल लॅरिंजियल नर्व्ह जवळून जाते. हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. इन्फीरियर थायरॉइड आर्टरीचं मुख्य खोड मात्र जुन्या पुस्तकांत रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह (आवाजाची नस) वाचवायला ग्रंथीपासून दूर बांधायला सांगितलेलं सापडेल. तसं केलं तर कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा रक्तपुरवठा जातो आणि ऑपरेशननंतर कॅल्शियम घसरून पेशंटच्या बोटांना मुंग्या येतात. आज फांद्या ग्रंथीच्या कॅप्सूलजवळ एकेक बांधतात. व्हायव्हात जुनं उत्तर दिलंत तर पुस्तकाचं नाव सांगू नका.