उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष का?

प्रश्न : मी कोथरूडला राहते. बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षे झाली. गेल्या दिवाळीत सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतरही त्या अंथरुणावरच आहेत आणि त्यांचे सगळे मीच करते. वाकडला राहणारी माझी धाकटी जाऊ महिन्यातून एकदा फळे घेऊन येते, तासभर बसते आणि पुढे आठवडाभर सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिचेच कौतुक सांगतात. योगवर्गात आम्हांला योगसूत्रातील ‘मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा’ शिकवले, म्हणून मी जावेची उपेक्षा करायचे ठरवले. तरीही ती आली की माझे डोके तापते आणि रात्री झोप लागत नाही. माझे काय चुकते?
– एक वाचक

उत्तर : आपण उल्लेखिलेले सूत्र पतंजलींच्या योगसूत्राच्या समाधिपादातील, म्हणजे पहिल्या भागातील, 33 वे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता म्हणजे हर्ष आणि अपुण्याने वागणाऱ्याविषयी उपेक्षा बाळगल्याने चित्त प्रसन्न होते, असे ते सांगते. अडचण अशी, की आजच्या मराठीत ‘उपेक्षा’ या शब्दाला हेळसांडीचा आणि तुच्छतेचा अर्थ चिकटला आहे. योगसूत्राचे जुने भाष्यकार वाचस्पतिमिश्र यांनी मात्र आपल्या विवरणात त्याचा अर्थ ‘माध्यस्थ्य’, म्हणजे तटस्थपणा, असा दिला आहे, आणि उपेक्षेमुळे चित्तातला अमर्ष, म्हणजे दुसऱ्याचे वागणे सहन न होण्याची जळजळ, निवते असे म्हटले आहे. जाऊ बाहेर बसली असताना आपण ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून भांडी आपटत असाल, तर बोलणे तेवढे थांबले आहे. अमर्ष जिथल्या तिथे आहे.

शिवाय चारांपैकी उपेक्षेकडे आपण फार लवकर वळलात, असे मला वाटते. योगसूत्रावरील प्राचीन व्यासभाष्यात तर विभूतिपादातील, म्हणजे तिसऱ्या भागातील, 23 व्या सूत्रावर लिहिताना पहिल्या तिन्हींना भावना म्हटले आहे आणि उपेक्षा ही भावना नव्हे, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे मुद्दाम जोपासायच्या त्या पहिल्या तीन. महिन्यातून एकदा येणे अपुरे आहे, पण ते पाप नाही. जावेच्या वाट्याला कौतुकाचे सुख येते, आणि सुखी माणसासमोर सूत्र मैत्री सांगते. वाचस्पतींच्या मते मैत्रीने ईर्ष्या जाते. दिवसरात्र कष्ट उपसणाऱ्या बाईपुढे हा शब्द उच्चारताना मला संकोच वाटतो. तरीही आपल्या पत्रात जाऊ कमी येते याहून सासूबाई तिचे कौतुक करतात हेच अधिक बोचलेले दिसते, म्हणून तो लिहिणे भाग आहे. सासूबाईंच्या बाजूनेही पाहा : जिला खिडकीपलीकडचे काही दिसत नाही, तिच्यासाठी महिन्यातून एकदा येणारे माणूस हाच सण असतो. आपण मात्र त्यांना हातापायांसारख्या झाला आहात, आणि हातापायांचे कौतुक कोणी पाहुण्यांना सांगत नाही.

याचा अर्थ सगळा भार मुकाट्याने वाहावा असा मुळीच नाही. सूत्र चित्ताविषयी बोलते, घरातल्या कामाच्या आणि खर्चाच्या वाटणीविषयी नाही. ती वाटणी स्पष्ट बोलूनच व्हावी लागते. यजमानांना सोबत घेऊन दिरांशी बोला आणि दिवसपाळीला ब्युरोची बाई ठेवून तिचा पगार दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा द्यावा, असे सुचवा. मात्र हे बोलणे जाऊ फळे घेऊन आलेल्या दिवशी काढू नका, कारण त्या दिवशी आपल्या आवाजात हिशेबापेक्षा जळजळच अधिक ऐकू येईल.

ती पुढच्या खेपेला येईल तेव्हा चहा झाल्यावर तिला सासूबाईंची चादर बदलायला हाक मारा. खुब्याचे दुखणे असलेल्या माणसाला एका कुशीवर वळवून धरायचे आणि खालची चादर ओढून काढायची, याला चार हात लागतातच.