जुन्या ईमेलमधले फोटो नुसती अगम्य अक्षरं होऊन पडलेत, ते परत कसे मिळवायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: भावाने १९९७ ते २००२ या काळात अमेरिकेहून पाठवलेल्या मेल एका सीडीवर साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये सापडल्या. पत्रं वाचता येतात, पण फोटोंच्या जागी पानंच्या पानं अक्षरांचा गोंधळ आहे. ऑनलाइन डिकोडर 'इनव्हॅलिड' म्हणून हात वर करतात. तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी त्या गोंधळाची पहिली ओळ आणि तिच्या वरच्या चार-पाच ओळी नीट वाचा. तुमच्या वर्षांत तीन वेगवेगळ्या पद्धती एकाच वेळी चालू होत्या. ऑनलाइन डिकोडर बहुतेक एकच ओळखतात, बेस६४. दुसऱ्या पद्धतीचा मजकूर तिथे चिकटवला तर 'इनव्हॅलिड' येणारच, म्हणून फोटो गेले असं समजू नका. शिवाय घरची पत्रं, पासपोर्टच्या प्रती असलं काही अनोळखी वेबसाइटवर चिकटवूच नये. हे काम घरच्या कॉम्प्युटरवर फुकटात होतं.

मुळात हा गोंधळ का, तेवढं सांगतो, कारण दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडेल. मेल वाहून नेणारा एसएमटीपी हा नियमसंच १९८२चा. त्यात फक्त ७ बिटांची इंग्रजी अक्षरं धरलेली होती, आणि एक ओळ जास्तीत जास्त १००० अक्षरांची. फोटोच्या प्रत्येक बाइटला ८ बिट लागतात. वाटेतलं एखादं यंत्र आठवा बिट सरळ उडवून टाकायचं, की फोटो संपला. म्हणून तीन बाइट घ्यायचे, त्यांचे २४ बिट सहा-सहाच्या चार तुकड्यांत पाडायचे, आणि प्रत्येक तुकड्यासाठी ६४ साध्या चिन्हांपैकी एक लिहायचं. वाड्याच्या अरुंद जिन्यातून कपाट वर न्यायचं तर सुटं करूनच न्यावं लागतं, तसं. तिनाचे चार झाल्यामुळे आकार एक तृतीयांशाने वाढतो, ओळी तोडल्याने आणखी थोडा. आजही तेच चालू आहे. मर्यादा २५ एमबीची आणि ती एन्कोड झालेल्या मेलवर मोजलेली असेल, तर २० एमबीची फाइलसुद्धा अडकते ती याच कारणाने.

आता ओळख पटवू.

गोंधळाच्या वर 'बिगिन ६४४' आणि पुढे फाइलचं नाव असं इंग्रजीत असेल आणि शेवटी 'एंड' असेल, तर ते यूयूएन्कोड. मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी १९८०मध्ये बर्कलीला असताना ते लिहिलं, एका युनिक्स यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल मेलने पाठवता यावी म्हणून. ६४४ म्हणजे युनिक्समधली फाइलची परवानगी, तुम्हाला तिचं काही काम नाही. खात्रीची खूण म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओळ कॅपिटल एमने सुरू होते. त्या एमचा अर्थ 'या ओळीत ४५ बाइट आहेत'. फक्त शेवटची ओळ आखूड असल्याने वेगळ्या चिन्हाने सुरू होते.

वर 'कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग: बेस६४' असं काही असेल, आणि गोंधळात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, अधिकचं चिन्ह आणि तिरपी रेघ असेल, तर ते माइम, म्हणजे बेस६४ वापरणारी पद्धत. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी हे मानक मांडलं, पहिली प्रसिद्ध आवृत्ती जून १९९२ची. अटॅचमेंट म्हणून आपण आज जे ओळखतो ते हेच.

आणि 'धिस फाइल मस्ट बी कन्व्हर्टेड विथ बिनहेक्स ४.०' अशी ओळ व तिच्याखाली विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होणारा मजकूर दिसला, तर भाऊ मॅकिंटॉश वापरत होता. त्या काळच्या मॅकमध्ये एकाच फाइलचे दोन भाग असायचे. ते दोन्ही सांभाळायला बिनहेक्स होतं.

आता अवजारं. माइम असेल आणि मेलची वरची सगळी हेडरं (कोणाकडून, कोणाला, तारीख, विषय असल्या ओळी) शाबूत असतील, तर काहीही डिकोड करत बसू नका. ती एक मेल वेगळी सेव्ह करा, नावाच्या शेवटी टीएक्सटीच्या जागी ईएमएल करा आणि थंडरबर्ड या फुकट मेल प्रोग्राममध्ये उघडा. फोटो खाली अटॅचमेंट म्हणून दिसतील. पण फाइलच्या अगदी वर एकही कोरी ओळ राहू देऊ नका. मेलच्या नियमात पहिली कोरी ओळ म्हणजे हेडर संपलं, मग थंडरबर्ड पुढचं सगळं साधा मजकूर समजतो. एकाच फाइलमध्ये शेकडो मेल सलग असतील तर तो बहुधा एमबॉक्स. त्यासाठी थंडरबर्डमध्ये इम्पोर्ट-एक्स्पोर्ट-टूल्स एनजी हे अ‍ॅड-ऑन टाकून अख्खी फाइल आत ओढता येते.

हेडर गेलंय, नुसता बेस६४चा ठोकळा उरलाय? विंडोजमध्ये वेगळं काही घ्यायला नको. कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल, मग डॅश लावून डिकोड, मग टेक्स्ट फाइलचं नाव, शेवटी नव्या फाइलचं नाव. लिनक्सवर आणि मॅकवर बेस६४ नावाचीच कमांड आहे. नव्या फाइलला कोणतं एक्स्टेन्शन द्यायचं ते ठोकळ्याची सुरुवातच सांगते. तिरपी रेघ, नऊ, छोटा जे, तिरपी रेघ अशी सुरुवात म्हणजे जेपेग फोटो. कॅपिटल जे-व्ही-बी-ई-आर म्हणजे पीडीएफ. कॅपिटल यू-ई आणि मग छोटा एस म्हणजे झिप.

कॅपिटल टी-व्ही आणि छोटा क्यू दिसला तर हात आवरा, ती विंडोजची एक्सई, म्हणजे उघडताच चालू होणारी प्रोग्राम फाइल आहे. १९९९ ते २००१ हा मेलमधून पसरणाऱ्या व्हायरसांचा सुकाळ होता. जानेवारी १९९९मध्ये हॅपी९९ आला, मे २०००मध्ये आयलव्हयू. त्या दुसऱ्याच्या फाइलच्या नावात आधी टीएक्सटी आणि मग व्हीबीएस (विंडोजवर चालणारी स्क्रिप्ट) असं दुहेरी शेपूट होतं, आणि विंडोज शेवटचं शेपूट लपवत असल्याने लोकांना ते साधं पत्र वाटायचं. तुमच्या सीडीवर यातलं काही नसेलच असं नाही.

यूयूएन्कोडसाठी 'बिगिन'पासून 'एंड'पर्यंतचा तुकडा यूयूई या एक्स्टेन्शनने सेव्ह करा. विनरार ती फाइल उघडतं, आणि ते बहुतेकांकडे असतंच. टोटल कमांडरच्या फाइल्स मेनूतही डिकोडची सोय आहे. लिनक्सवाल्यांना शारयुटिल्स या पॅकेजमध्ये यूयूडिकोड मिळेल, मॅकवर ते आधीपासून असतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत करायचं म्हणाल तर यूयू हे मॉड्यूल ३.१३ आवृत्तीपासून काढून टाकलंय. जुन्या उत्तरांतला कोड तसाच उचललात तर तो चालणार नाही. बिनहेक्ससाठी मॅकवर द अनआर्काइव्हर. मी स्वतः मात्र अशा जुन्या ढिगावर यूयूडीव्ह्यू सोडतो. फ्रँक पिलहोफर यांचं हे छोटंसं अवजार तिन्ही पद्धती आपणहून ओळखतं, आणि एक फोटो तीन मेलमध्ये तुकडे करून पाठवला असेल तर ते तुकडे क्रमाने जोडूनही घेतं. दिसायला अगदीच रुक्ष आहे, पण कामाला चोख.

खरी डोकेदुखी दुरुस्तीची. फॉरवर्ड झालेल्या मेलमध्ये प्रत्येक ओळीपुढे 'पेक्षा मोठं'चं चिन्ह आणि एक स्पेस चिकटलेली असते, ती एडिटरमधून काढून टाका. यूयूएन्कोडच्या जुन्या आवृत्त्या शून्यासाठी चक्क स्पेस वापरायच्या, आणि काही मेल प्रोग्राम ओळीच्या शेवटच्या स्पेस खाऊन टाकत. पूर्ण ओळ एम धरून ६१ चिन्हांची हवी. कमी भरली तर शेवटी तेवढ्या स्पेस घाला. नंतरच्या आवृत्त्यांनी स्पेसऐवजी बॅकटिक (`) हे चिन्ह घेतलं तो याच त्रासापायी.

बेस६४मध्ये एक अक्षर जरी गळालं तरी तिथून पुढचे सगळे बिट सरकतात. फोटोचा वरचा भाग छान आणि खाली राखाडी पट्टे दिसतात ते यामुळे. पण माइमची पूर्ण ओळ बहुधा ७६ चिन्हांची असते, म्हणजे बरोबर ५७ बाइट, त्यामुळे प्रत्येक ओळ स्वतंत्र हिशोबाची. ७६पेक्षा कमी भरणारी ओळ शोधा (शेवटची सोडून), तिच्यात गळालेल्या जागी कॅपिटल ए घाला. ती ओळ बिघडलेलीच राहील, पण पुढच्या ओळी पुन्हा जागेवर येतील. जेपेगमध्ये एवढ्यानेही डाग उरू शकतो, तरी चेहरे ओळखू येण्याइतका फोटो बऱ्याचदा वाचतो.

अटॅचमेंटचं नाव विनमेल डॉट डॅट असेल तर ते वेगळंच प्रकरण. आउटलुकने आपल्या खासगी पुडक्यात, म्हणजे टीएनईएफमध्ये, सगळं बांधून पाठवलेलं असतं. डिकोड केल्यावर ते पुडकं आणखी एकदा सोडावं लागतं, विंडोजवर विनमेल ओपनरने, लिनक्सवर टीएनईएफ याच नावाच्या प्रोग्रामने.

भावाने मराठीत टाइप केलेली वर्ड फाइल निघाली आणि उघडल्यावर पुन्हा इंग्रजी चिन्हांचाच कचरा दिसला, तर डिकोडिंग चुकलंय असं समजून परत पहिल्यापासून सुरुवात करू नका. तेव्हा मराठी लिहायची ती श्रीलिपी, आकृती असल्या फॉन्टमध्ये, मराठीसाठी युनिकोड रुळलेलं नव्हतं. तो फॉन्ट मिळवा किंवा त्या फॉन्टसाठीचं युनिकोड कन्व्हर्टर वापरा. उलट, नंतरच्या वर्षांतल्या मेलच्या विषयाच्या ओळीत यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची एक पद्धत), बी आणि मग ४-के-एस अशी सुरुवात दिसली तर ओळखा की आत देवनागरी आहे. यूटीएफ-८मध्ये आपली जवळपास सगळी मूळ व्यंजनं आणि स्वर ज्या बाइटांनी सुरू होतात, ते बेस६४मधून गेले की ४-के-एस होऊनच बाहेर पडतात. मात्रांपैकी काही ४-के-डब्ल्यू होतात.

सीडीची आधी हार्ड डिस्कवर प्रत काढा आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करा. तरीही अडलं तर गोंधळाच्या वरच्या पाच ओळी आणि खालच्या दोन ओळी इथे कमेंटमध्ये टाका, पण पत्ते आणि ईमेल आयडी खोडून.