सातूच्या मुरघासाची प्रत कशावर ठरते?

तुमचा प्रश्न असा: गोव्यात फोंड्याजवळ सरदाचं (पावसाळी) भात निघाल्यावर मोकळ्या शेतात सातू (बार्ली) पेरायचा, ओंबीसकट कापून गायींसाठी मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करायचा, तर चाऱ्याची प्रत कशावर ठरते?

माझ्या मते सगळ्यात जास्त कापणीच्या वेळेवर. जात, खत, पाणी हे त्यानंतर. पोटरीत (ओंबी बाहेर पडण्याआधी) कापलात तर प्रथिनं भरपूर, साधारण १४-१५ टक्के, पण चारा कमी भरतो आणि पाणीच फार. पुढे धाट राठ होत जातं, प्रथिनं १० टक्क्यांच्या आसपास उतरतात. मात्र त्याच वेळी दाण्यात स्टार्च भरतो आणि ऊर्जेची बाजू सावरते. म्हणून चीक आटून दाणा मऊ झाला की कापावा. ओंबीच्या मधला दाणा नखाने दाबून बघा. दूध उडालं तर थांबा, मळलेल्या कणकेसारखा दबला तर कापायला घ्या, नख रुतेना झालं तर उशीर झाला. असे टणक दाणे पुष्कळदा अख्खेच शेणातून बाहेर पडतात.

गोव्यात खरी अडचण इथेच आहे. सातू थंडीचं पीक, आणि आपल्याकडे जानेवारीतल्या रात्रीसुद्धा उबदार. दाणा घाईने पिकतो, कमी भरतो आणि कापणीचा योग्य काळ काही दिवसांतच निघून जातो. पेरणी नोव्हेंबरातच उरका आणि ओंब्या बाहेर पडल्या की रोज शेतात फेरी मारा.

जमिनीचंही बघा. खारटपणा सोसण्यात सातू बाकीच्या तृणधान्यांच्या पुढे आहे, त्यामुळे खाजनात (खाडीकाठच्या खारट सखल शेतात) पेरायचा मोह होतो. पण तुंबलेलं पाणी त्याला चालत नाही आणि आपली जांभ्याची आम्ल मातीही मानवत नाही. आधी माती तपासून घ्या, गरज असेल तर चुना द्या. युरियाचा मारा करू नका. जास्त नत्र आणि पाण्याचा ताण एकत्र आले की धाटाच्या बुडख्यात नायट्रेट साठतं, ते जनावराला बाधतं. शंका असेल तर कापणी थोडी उंचावरून करा.

सातूचं धाट पोकळ, त्यात हवा अडकते. म्हणून कुट्टी एक-दोन सेंटीमीटरची आणि तुडवणी कसून. मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट आवळून सोडा. पाणी गळलं तर आधी थोडी सुकवा, गोळा सावकाश उलगडला तर लगेच मुरघासाच्या पिशवीत भरा. आपल्या दमट हवेत पिशवीला एक भोक राहिलं तरी बुरशी येते, आणि बुरशीचा थर गायीला घालायचा नाही, तो फेकायचाच.

बियाणं घेताना कुसळाची चौकशी करा. पक्व सातूची राठ कुसळं वाळल्या चाऱ्यातून गेली की गायीच्या हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात, मग ती चारा तोंडात घेऊन सोडून देते. मुरघासात ती बरीच मऊ पडतात, तरी बिनकुसळी जात मिळाली तर तीच घ्या. आणि वर्षभराच्या पोटभरीसाठी लावलेलं हायब्रिड नेपियर (बारमाही चाऱ्याचं गवत) मोडू नका. सातूला पहिल्या वर्षी एक छोटा तुकडाच द्या.